नातीच्या हिशोबात माझं नाव

मुलाने माझ्या औषधांची बिलं मागितली, त्या दिवशी मी आनंदाने शिरा केला. खोटं कशाला सांगू! साजूक तुपातला, वर काजू टाकून. "आई, तुझ्या गुडघ्याची बिलं, डोळ्यांच्या डॉक्टरची फाइल, बाबांच्या शुगरच्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून ठेव, मला लागणार आहे," एवढंच तो म्हणाला आणि मोबाइलवर बोलत बोलत जिना चढून वर गेला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, आईबापाची काळजी शिरली डोक्यात. विमा काढत असेल, कंपनीतून काही मिळत असेल, काहीतरी चांगलंच करत असेल. मी कपाटाचा कोपरान्‌कोपरा उपसला. गेल्या वर्षीच्या खोकल्याच्या औषधाचं बिलसुद्धा सोडलं नाही.

आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. संध्याकाळी कुंपणापाशी जाऊबाई भेटल्या तर त्यांना सांगितलं, "माझा लेक आता आमची सगळी बिलं सांभाळतो हो!" त्यांनी पुढे कुणाकुणाला सांगितलं देव जाणे. पण आमच्या गावात अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे तब्येत नंतर विचारतात. लग्नाच्या हळदीत गाठ पडो, बाजारात गाठ पडो, पहिला प्रश्न एकच, "पोरगा बघतो ना?" आणि त्याला उत्तरही एकच असतं, "हो बाई, बघतो." बघत नसला तरी हेच म्हणायचं. ज्यांची मुलं वर्ष वर्ष फोन करत नाहीत त्या बायकाही पदर सावरून म्हणतात, "बघतो गं, खूप बघतो." न बघणारा पोरगा म्हणजे घराची अब्रूच गेली.

आमचं गाव गोखिवऱ्याच्या अंगाला. पूर्वी सगळी भातशेती होती. आता निम्म्या जमिनीवर गाळे उभे आहेत. आमच्याही वाटणीच्या तुकड्यावर आम्ही नवराबायकोने पोटाला चिमटे काढून दोन गाळे बांधले. एकात प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं बनतात, दुसऱ्यात पुठ्ठ्याचे खोके. त्यांचं भाडं येतं, त्यावर आमचं दोघांचं मजेत चालतं. घरामागे थोडी वाडी आहे, केळी, शेवगा, अळू, वांगी. आमचे हे सकाळी उठून वाडीला पाणी घालतात आणि मग दिवसभर 'पानी कमी आलं, पानी कमी आलं' म्हणून नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडत बसतात. खाली आम्ही, वर मुलगा.

वर आता मुलगा एकटाच. सून आणि नात गेलं वर्षभर नायगावला, खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये भाड्याने राहतात. का, तर दोघांचं पटलं नाही. कुणी कुणाला मारलं नाही, कुणी दारू प्यायलं नाही, तिसरं कुणी मधे आलं नाही. नुसती रोजची धुसफूस. तो बोलायचा नाही, ती बोलायची थांबायची नाही, आणि मग एक दिवस दोघंही बोलायची बंद झाली. मी दोघांनाही सारख्या मापाने शिव्या घातल्या, उपयोग शून्य. पुढे त्यांचा संसार परत जुळला वगैरे काही नाही, ते आधीच सांगून टाकते. उगाच कुणी आशा लावून बसायला नको.

पण नात! दुसरीत आहे. पुढचे दोन दात पडलेत तरी तोंडाचा पट्टा चालूच. दर शनिवारी सकाळी आई तिला आमच्या फाटकापर्यंत सोडायची आणि रविवारी संध्याकाळी तिथूनच न्यायची. फाटकाच्या आत पाऊल टाकायची नाही. मी ओट्यावरून ओरडायचे, "अगं, चहा तरी घे!" ती हसून हात हलवायची आणि रिक्षात बसायची. चांगली पोर आहे. मानी आहे, तेवढंच तिचं चुकतं, आणि ते चुकणं मला मनातून आवडतं. आत आली की नात चपला कुठेतरी भिरकावून आजोबांच्या मागे वाडीत पळायची. दोन दिवस घरात नुसता धिंगाणा. मी शनिवारची वाट शुक्रवारपासून बघायचे, आणि रविवारी रात्रीचं जेवण मला गोड लागायचं नाही.

बिलं दिल्याला महिना झाला असेल. शनिवारची सकाळ. मी शेवग्याखाली स्टुलावर उभी राहून आकडीने शेंगा ओढत होते. कानावर आलं, "आई! खाली उतरा! अहो आई, काय करताय हे!" बघते तर सून फाटक उघडून धावत आत आलेली, एका हातात नात, दुसऱ्या हातात सफरचंदांची पिशवी आणि दोन शहाळी. आजाऱ्याला बघायला जाताना नेतात ना, तसं सगळं. मी घाबरले. म्हटलं, कुणाला काय झालं?

"मला काय विचारता? तुम्हाला काय झालंय ते सांगा आधी," ती म्हणाली. धाप लागली होती तिला. डोळे भरलेले. "एवढं मोठं दुखणं आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही. मी परकी झाले का?"

"अगं, पण कसलं दुखणं?"

मग ओट्यावर बसून तिने सांगितलं. मुलीच्या खर्चासाठी तिने कोर्टात अर्ज केला होता, ते मला माहीत होतं. घटस्फोटाचं प्रकरण चालू असताना मुलीला बापाने दरमहा किती द्यायचं, ते ठरायचं होतं. त्यासाठी दोघांनी आपापली कमाई आणि खर्च ॲफिडेव्हिटवर लिहून द्यायचा असतो. मुलाच्या ॲफिडेव्हिटमध्ये लिहिलं होतं की वृद्ध आईवडील सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहेत आणि त्यांच्या औषधपाण्यावर माझ्या पगाराचा मोठा हिस्सा जातो. सोबत बिलांचा गठ्ठा जोडलेला. तो गठ्ठा बघून बिचारीला वाटलं, सासूबाई काही आता जगत नाहीत.

मी आकडी खाली ठेवली. आधी मला हसू आलं, मग असा संताप आला की कानशिलं तापली. म्हणजे माझ्या गुडघ्याचं तेल आणि ह्यांच्या शुगरच्या गोळ्या नातीच्या दुधातून वजा होत होत्या! आणि ती बिलं मी माझ्या हाताने पिशवीत घालून दिली होती. वर शिरा खाऊ घातला होता! सून मात्र शहाळं फोडून ग्लासात ओतत म्हणत होती, "प्या आई, तेवढं तरी प्या." मी ठणठणीत आहे हे पटायला तिला बराच वेळ लागला.

रात्री मुलगा जेवायला खाली आला. नात आजोबांच्या मांडीवर झोपली होती, म्हणून मला आवाज खालीच ठेवावा लागला, नाहीतर त्या दिवशी माझा आवाज फुलपाड्यापर्यंत गेला असता.

"मी तुझ्यावर अवलंबून आहे काय रे?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "वकिलाने लिहायला सांगितलं. सगळेच लिहितात, आई. फॉर्मॅट असतो तो."

"अरे, फॉर्मॅट गेला खड्ड्यात! माझा कुठला खर्च तू करतोस? गाळ्यांचं भाडं कुणाला येतं?"

"आज येतंय. उद्या गाळा रिकामा पडला तर? तुला काही झालं, ऑपरेशन करायला लागलं, तर कोण करणार? शेजारचे?" त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "मी आहे म्हणून तर तुम्ही दोघं बिनधास्त आहात. मग डिपेंडंट नाही तर काय?"

खरं तेच तर तो बोलत होता. मागच्या पावसाळ्यात मी घसरले तेव्हा ह्याच पोराने मला दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवलं होतं. माझं काळीज पाघळलं. पण तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "आणि ते पैसे काय मुलीला जाणार आहेत? ते तिलाच जाणार. तू यात पडू नकोस, तुला यातलं काय कळतं?"

झालं. एवढं वाक्य त्याने बोलायला नको होतं. मला काही कळत नाही असं कुणी म्हटलं की ते कळेपर्यंत मी पाणी पीत नाही, हे त्याला जन्मापासून माहीत आहे.

सोमवारी मी सुनेला फोन केला, "तुझ्या वकीलबाईंकडे मला घेऊन चल. हा हिशोब करतात कसा, ते मला समजून घ्यायचंय." ती नको नको म्हणत होती, पण माझ्यापुढे कुणाचं चालत नाही. आमचे हे कपाळाला हात लावून म्हणाले, "अगो, तू कोनाच्या बाजूची?" मी म्हटलं, "पडलेल्या दातांच्या बाजूची."

गावात मी या हिशोबाबद्दल काय काय ऐकलं होतं! कुणी म्हणे सरळ निम्मा पगार जातो, कुणी म्हणे तिसरा हिस्सा, कुणी म्हणे नोकरी करणाऱ्या बाईच्या मुलाला दमडीही मिळत नाही. वकीलबाई तरुण होत्या, सुनेपेक्षाही लहान असतील. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "आजी, यातलं काहीच खरं नाही. असं तयार कोष्टकच नाही कुठे. प्रत्येक घराचा हिशोब वेगळा."

मग त्यांनी अगदी लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं. आधी बघायचं, मुलीला काय लागतं. शाळेची फी, शाळेची रिक्षा, दूध, कपडे, डॉक्टर, आणि घरभाड्यातला तिचा वाटा, कारण मूल काही रस्त्यावर राहत नाही. आईबाप एकत्र असताना ती जशी राहत होती, साधारण तशीच तिला राहता आलं पाहिजे. मग बघायचं, बाप काय कमावतो आणि आई काय कमावते. आई कमावत असली म्हणून बाप सुटत नाही, आणि बाप कमावतो म्हणून आईने हात वर करायचे नाहीत. ज्याची कमाई जास्त त्याचा वाटा जास्त. बापाच्या पगारातून कर वगैरे जे सक्तीचं कापलं जातं, ते सोडायचं.

"आणि त्याच्या त्या मोठ्या गाडीचा हप्ता?" मी विचारलं. त्या गाडीवर माझा पहिल्यापासून राग. आमच्या गल्लीत ती वळत नाही.

"गाडीचा हप्ता मुलीच्या आधी नाही येत, आजी. हौस हौसेच्या जागी. पण त्याच्यावर खरोखर कोण अवलंबून आहे, ते मात्र बघतात. म्हातारे आईवडील सांभाळणं हे मुलाचं कर्तव्यच आहे ना. त्यामुळे तुमचं नाव असलं की तुमच्या नातीचा वाटा कमी होतो."

"आणि मी देते ती भाजी? केळी? ती पण धरता की काय?"

"ती आजीची माया. ती हिशोबात नाही," त्या म्हणाल्या. तेवढं ऐकून मला बरं वाटलं.

मग त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला आणि मुलाच्या ॲफिडेव्हिटप्रमाणे साधारण काय रक्कम पदरात पडेल ते सुनेला दाखवलं. सुनेचा चेहरा उतरला. नायगावच्या एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला बसते, तिथला पगार तो केवढा. ती हळूच म्हणाली, "यात भाडं नाही बसत. मग मला दादाकडे जावं लागेल."

दादा म्हणजे तिचा भाऊ. तो नाशिकला असतो. त्याच्या घरात वरची खोली रिकामी आहे, जूनमध्ये पोरीला तिकडच्या शाळेत घालू असं तो कधीचा म्हणत होता. मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या हातातला चहा गार झाला. नाशिक काही परदेश नाही, पण दर शनिवारी फाटकापर्यंत सोडायला येण्याइतकं जवळही नाही. सुट्टीत चार दिवस येईल, मग दोन दिवस येईल, मग मोठी होईल आणि फोनवर "कशी आहेस आजी" म्हणेल. मला तिथल्या तिथे सगळं दिसलं. मी स्पष्टच बोलले, "मला ती लांब गेलेली चालणार नाही. मी मरून जाईन."

सुनेने माझा हात धरला. "आई, एक वचन द्या. नाशिकचं त्यांना सांगायचं नाही. मी धमकी देतेय असं वाटेल. मुलीचं नाव पुढे करून मी पैसे उकळतेय असं त्यांना वाटायला नको. जे योग्य ते हिशोबाने मिळू दे."

बघा, म्हटलं ना मानी आहे! मी वचन दिलं. वकीलबाई म्हणाल्या की कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलंय, तिथे दोघांना समोरासमोर बसवून मार्ग काढतात. तुमचं नाव ॲफिडेव्हिटमध्ये आहे, तेव्हा तुम्हाला येऊन सांगता येईल की आम्ही मुलावर अवलंबून नाही. फक्त एवढंच वाक्य. मी म्हटलं, त्यात काय, एका दमात सांगते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे उसळले. सहसा न उसळणारा माणूस. "चार लोकांत जाऊन बोलनार का, पोरगा आमाला पोसत नाय म्हनून? उद्या गावात तोंड दाखवायला जागा नाय राहनार. त्याचं पन काय राहील? बायको गेली, आता आई पन फिरली बोलतील." मी म्हटलं, "आणि पोरीचं काय?" त्यावर ते उठून वाडीत गेले. नाशिकचं मी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. वचन म्हणजे वचन. पण त्या दिवसांत मुलगा समोर दिसला की शब्द दातांपर्यंत यायचा. मी तोंडात सुपारी धरून बसायचे.

आणि मुलाशी तर मी अबोलाच धरला होता. तो खाली यायचा, जेवायचा, ताट उचलून मोरीत ठेवायचा आणि जायचा. एकदा बघितलं तर माझी गुडघ्याच्या तेलाची बाटली संपली होती ती त्याने न सांगता नवीन आणून ठेवलेली. अशा वेळी काय करावं माणसाने? रागवावं की रडावं? मी तेल लावलं आणि दोन्ही केलं.

मध्यस्थीच्या दिवशी सकाळी मी तयार होऊन बाहेर आले तर रिक्षात आमचे हे आधीच बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायात लग्नाकार्याच्या चपला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

कोर्टाच्या इमारतीतली छोटी खोली होती. मधे टेबल. एका बाजूला मुलगा आणि त्याचे वकील, एका बाजूला सून आणि वकीलबाई, आणि मधे मध्यस्थ मॅडम, पिकलेल्या केसांच्या, शांत. आम्हाला भिंतीजवळच्या खुर्च्या दिल्या. आम्हा दोघांना बघून मुलाचा चेहरा पडला. त्याचे कान लाल झाले. लहानपणी कुणी रागावलं की त्याचे कान असेच लाल व्हायचे, रडायचा नाही, फक्त कान.

मॅडम मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही मोकळेपणाने सांगा. मुलगा तुम्हाला बघतो का?"

आता बघा काय झालं ते. मी सगळी तयारी करून गेले होते. वाक्य पाठ होतं. पण प्रश्न आला तो जन्मभर ऐकलेला! आणि समोर ते लाल कान. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हो बाई, बघतो. खूप बघतो."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मुलाचे वकील पुढे सरसावले, "मॅडम, हेच आम्ही म्हणतोय." सून माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, आणि तेच मला जास्त लागलं. "जाऊ दे आई" असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. माझी एवढी तिखट जीभ, नको तेव्हा धावणारी, नेमकी त्या वेळी टाळूला चिकटली. असा राग आला मला स्वतःचा!

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. आमचे हे उभे राहिले. चारचौघांत एक वाक्य न बोलणारा माणूस. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाय, आमचा पोरगा आमाला बघतो. त्यात खोट नाय. रात्री हाक मारली तर दोन उड्यांत खाली येतो. पन आमाला त्याचा पैसा लागत नाय. दोन गाळे हायेत, भाडं येतं. वाडी हाय. आमाला पुरून उरतं. पोरगा बघतो, पन लागत नाय. असं लिवा."

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं संसार केला आणि हा माणूस एका वाक्यात पोराची अब्रूही राखेल आणि नातीचं ताटही, हे मला ठाऊक नव्हतं! मला त्यांचा एवढा अभिमान वाटला, आणि त्या भरात माझी जीभ सुटली ती अशी सुटली की वचनबिचन सगळं वाहून गेलं.

"लिहा, असंच लिहा, मॅडम," मी म्हटलं, "नाहीतर आमची पोर जूनमध्ये नाशिकला जाईल!"

"आई!" सून ओरडली.

मुलाने मान वर केली. "नाशिकला? कोण जाणार नाशिकला?"

त्याने वकिलाकडे बघितलं नाही, मॅडमकडे बघितलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघून विचारलं, "तू जाणार होतीस तिला घेऊन?"

"हौस नाहीये मला," ती म्हणाली. "तिची शाळा इथे आहे, आजी-आजोबा इथे आहेत, तुम्ही आहात. पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यात भाडं नाही बसत. मग मी काय करू, सांगा?"

मुलाचे वकील त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगायला लागले, त्याने हाताने थांबवलं. माझ्या पोराला मी ओळखते. त्याला वाटत होतं, आपण बायकोशी भांडतोय. एवढे दिवस तो हिशोब त्याने तिच्याविरुद्ध मांडला होता, आणि तो मुलीच्या अंगावर जातोय हे त्याला त्या क्षणी दिसलं. मी सांगितलं असतं तर आधीच दिसलं असतं, पण मला कुठे सांगू दिलं होतं!

"मॅडम," तो म्हणाला, "आईबाबांचं ते काढून टाका."

"नीट विचार करून सांगा," मॅडम म्हणाल्या. "वकिलांशी बोलून घ्या हवं तर. रक्कम बरीच वाढेल."

"वाढू द्या. गाडीचं मी बघतो काय करायचं ते. तिची शाळा बदलायची नाही."

मॅडमनी पुढचा कागद ओढला. फी, रिक्षा, दूध, भाड्यातला वाटा, एकेक करून त्या पुन्हा विचारत गेल्या आणि तो एकेकाला "हो" म्हणत गेला. मग आईवडिलांवरचा खर्च या ओळीशी त्या थांबल्या. तिथला आकडा त्यांनी आडवी रेघ मारून खोडला आणि बाजूला शून्य लिहिलं. तोवर मुलगा उठून माझ्या खुर्चीशी आला होता. तिथून तो कागद आम्हाला दोघांनाही दिसत होता.

उभ्या जन्मात मला कुणी शून्य म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. पण त्या शून्याकडे बघून मी अशी रडले, की सांगता सोय नाही. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून माझा लाल कानांचा पोरगाही रडला. सुनेने पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून आधी मला दिली. मग, क्षणभर थांबून, त्याला.